फोमची प्रत आणि गादीचे आयुष्य: कडकपणावरून टिकाऊपणा का कळत नाही

प्रश्न असा आहे: सारख्याच जाडीच्या आणि हाताला सारख्याच कडक लागणाऱ्या दोन फोमच्या गाद्यांपैकी एक कित्येक वर्षे सपाट राहते आणि दुसरी दोन वर्षांच्या आत कमरेखाली खोलगट होते, याचे कारण काय? विकत घेताना फोमची कोणती माहिती मागावी, ‘हाय डेन्सिटी’ या शब्दावर कितपत विसंबावे, आणि एकदा बसलेली गादी पुन्हा नीट करता येते का? फोम कापणे, तपासणे आणि परत आलेल्या गाद्या उघडून पाहणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

कडकपणा आणि टिकाऊपणा हे फोमचे दोन वेगळे गुण आहेत आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. दुकानात गादीवर तळहात दाबून किंवा पाच मिनिटे आडवे होऊन जे कळते तो कडकपणा. गादी किती वर्षे तशीच राहील हे मात्र फोममध्ये प्रत्यक्ष पॉलिमर (लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा घन पदार्थ) किती आहे, तो किती नीट तयार झाला आहे आणि गादीतल्या सर्वांत कमकुवत थराची प्रत काय आहे, यांवर ठरते. यांपैकी एकही गोष्ट हाताला लागत नाही. ग्राहकाची फसगत होते ती इथेच, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही आपण नेमके काय विकतो आहोत याची पूर्ण कल्पना नसते.

गादीत वापरला जाणारा बहुतांश फोम पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयू फोम असतो. पॉलियुरेथेनचे रसायन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी विकसित केले आणि लवचीक फोम १९५०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही त्यातली दोन मुख्य द्रव्ये. त्यांच्या अभिक्रियेतून पॉलिमर बनतो, आणि मिश्रणात घातलेल्या पाण्याची आयसोसायनेटशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, जो ते मिश्रण फुगवतो. पाणी वाढवले की वायू वाढतो, फोम अधिक फुगतो आणि तेवढ्याच रसायनांतून मोठा ठोकळा मिळतो. रसायने किलोवर विकत घेतली जातात आणि गादी मात्र लांबी, रुंदी व जाडीवर विकली जाते. फोमच्या प्रतीत होणाऱ्या बहुतेक तडजोडींचे मूळ या एका व्यवहारात आहे.

घन पॉलियुरेथेनचे वजन घनमीटरला सुमारे १२०० किलो असते. घनमीटरला ३० किलो वजनाच्या फोममध्ये म्हणून पॉलिमर जेमतेम अडीच टक्के जागा व्यापतो आणि उरलेली साडेसत्त्याण्णव टक्के जागा हवेची असते. घनता २० किलो असेल तर पॉलिमर पावणेदोन टक्क्यांच्याही थोडा खाली येतो आणि ४० किलो असेल तर सव्वातीन टक्क्यांच्या थोडा वर जातो. भिंगाखाली पाहिले तर फोम म्हणजे एकमेकांत उघडणाऱ्या असंख्य पोकळ्या आणि त्या पोकळ्यांच्या कडांचे केसासारखे बारीक दांडे असतात. झोपणाऱ्याचा सगळा भार हेच दांडे पेलतात. घनता कमी म्हणजे हे दांडे बारीक, आणि बारीक दांडा प्रत्येक रात्री जास्त वाकतो. घनतेचा टिकाऊपणाशी संबंध आहे तो इतका सरळ आहे.

आता कडकपणाचे पाहू. कडकपणा मोजण्यासाठी सुमारे २० सेंटीमीटर व्यासाची गोल चकती फोममध्ये ठरावीक खोलीपर्यंत, म्हणजे जाडीच्या २५, ४० किंवा ६५ टक्के, दाबतात आणि त्यासाठी किती बल लागले ते नोंदवतात. कमी घनतेचा फोमही कडक करता येतो. आयसोसायनेटचे प्रमाण वाढवून, पॉलिऑलमध्ये कडकपणा आणणारे कण असलेला प्रकार मिसळून किंवा इतर फेरफार करून घनमीटरला १८-२० किलोचा फोम ३२ किलोच्या फोमइतका कडक लागेल असा बनवणे फोम कारखान्याला अवघड नसते. उलट ५० किलोचा फोम अगदी मऊही बनवता येतो आणि तो मऊ असूनच दीर्घकाळ टिकतो. ‘कडक गादी घ्या, टिकेल’ हा घरोघरी मिळणारा सल्ला त्यामुळे चुकीचा ठरतो. कमी घनतेचा कडक फोम दुकानात सर्वांत भक्कम वाटतो आणि घरी सर्वांत आधी खचतो, कारण त्याचा कडकपणा मुळात थोड्याशा पॉलिमरवर ताणून बसवलेला असतो.

गादी वापरताना फोममध्ये काय घडते ते समजले तर पुढच्या आकड्यांचा अर्थ लागेल. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत थोडा मऊ पडतो, आणि हे चांगल्या फोममध्येही होते. बंद राहिलेल्या काही पोकळ्यांच्या पातळ पापुद्र्यांना भोके पडतात, पॉलिमरच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही दुर्बळ बंध सुटतात, आणि त्यानंतर चांगला फोम एका पातळीवर स्थिरावतो. हलका फोम स्थिरावत नाही. त्याचे दांडे रोज एकाच जागी वाकून थकतात, काही तुटतात, आणि तुटलेल्यांचा भार शेजारच्यांवर येतो. त्यात घाम आणि शरीराची उष्णता यांची भर पडते. ओलावा आणि ऊब मिळाली की पॉलिमरमधील हायड्रोजन बंध सैल होतात, साखळ्या हळूहळू सरकून दबलेल्या अवस्थेतच नव्याने स्थिर होतात आणि फोम पूर्वीच्या उंचीवर परत येत नाही. हे जिथे भार, उष्णता आणि ओलावा तिन्ही एकत्र येतात तिथे, म्हणजे कमरेच्या आणि नितंबांच्या खाली, सर्वाधिक होते. गादी नेमकी तिथेच खोलगट होते याचे कारण हेच.

इथे दोन नुकसानांतला फरक सांगणे आवश्यक आहे, कारण तक्रारी बहुधा त्यावरूनच अडतात. एक नुकसान उंचीचे असते: फोमची जाडी कायमची कमी होते आणि गादीवर कोणी नसतानाही खळगा दिसतो. दुसरे नुकसान कडकपणाचे असते: गादी रिकामी असताना सपाट दिसते, पट्टी आडवी ठेवून मोजले तरी फारसा खळगा आढळत नाही, पण माणूस झोपला की कंबर खाली जाते. हलक्या फोममध्ये दुसरे नुकसान पहिल्याच्या कितीतरी आधी सुरू होते. पाठ दुखते म्हणून तक्रार करणाऱ्याला ‘गादी तर सपाट आहे’ असे उत्तर मिळते, आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने खरे बोलत असतात.

कोणती घनता पुरेशी मानावी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. प्रौढ माणसाने रोज रात्री वापरायच्या गादीच्या मुख्य गाभ्यासाठी साध्या पीयू फोमची घनता घनमीटरला ३० ते ३२ किलोच्या खाली नसावी. झोपणाऱ्याचे वजन ९० किलोच्या वर असेल तर ती ३६ ते ४० किलो असावी. घनमीटरला २० ते २४ किलोचा फोम क्वचित येणाऱ्या पाहुण्यांच्या गादीला किंवा सोफ्याच्या पाठीला चालतो, कारण तिथे भार कमी आणि वापर तुरळक असतो. रोजच्या झोपेच्या गादीत मी तो कुठल्याही थरात घालणार नाही. काही ठिकाणी घनता पाउंड प्रति घनफूट अशी दिलेली असते. त्या आकड्याला १६ने गुणले की किलोतला आकडा मिळतो, म्हणजे १.८ पाउंडचा फोम सुमारे २९ किलोचा आणि २.५ पाउंडचा ४० किलोचा.

‘हाय डेन्सिटी’ या शब्दांना मात्र काही ठरलेला अर्थ नाही. एका उत्पादकाच्या यादीत २४ किलोचा फोम त्या नावाने असतो, दुसऱ्याच्या यादीत ४० किलोचा. फोमच्या नावातला आकडाही पुष्कळदा ग्रेडचा क्रमांक असतो, प्रत्यक्ष मोजलेली घनता नव्हे. म्हणून विचारायचे ते असे: प्रत्येक थराची घनता घनमीटरला किती किलो आहे, आणि ती बिलावर किंवा माहितीपत्रकावर लिहून मिळेल का? लेखी द्यायला जो तयार नाही त्याने तोंडी सांगितलेला आकडा मी जमेस धरत नाही.

पण आकडा खरा असला तरी तो पुरेसा नाही, कारण घनता वाढवण्याचा एक खोटा मार्ग आहे. फोम बनवताना मिश्रणात कॅल्शियम कार्बोनेट किंवा बेरियम सल्फेटसारखी बारीक पूड मिसळली की वजन वाढते आणि खर्च कमी होतो. ती पूड भार पेलत नाही. ती दांड्यांच्या आत बसून त्यांना ठिसूळ करते. घनमीटरला ४० किलो भरणाऱ्या फोममध्ये वजनाचा चौथा हिस्सा पूड असेल तर खरा पॉलिमर ३० किलोच उरतो, आणि तोही स्वच्छ ३० किलोच्या फोमपेक्षा कमी टिकतो, कारण अशा फोमची फाटण्याला विरोध करण्याची ताकद घटते आणि दबून राहण्याची प्रवृत्ती वाढते. प्रयोगशाळेत नमुना जाळून उरणाऱ्या राखेचे वजन करतात आणि पूड लगेच उघडी पडते. घरी ते करू नये, कारण जळणाऱ्या फोमचा धूर विषारी असतो. घरी करता येण्याजोगे इतकेच की कापलेली कड अंगठ्याने जोरात चोळावी. पूड मिसळलेल्या फोमची कड लवकर भुरभुरते, बोटांना किंचित पांढरट, रवाळ भुगा लागतो, आणि नखाने ओरखडा काढला की तुकडा सहज निघून येतो. चांगल्या फोमची कड चोळल्यावर नुसती गरम होते.

याच कारणाने रिबॉन्डेड फोमची घनता साध्या फोमच्या घनतेशी ताडून पाहू नये. कापणीत उरलेल्या फोमच्या तुकड्यांचा चुरा चिकटद्रव्य घालून दाबला की रिबॉन्डेड फोम तयार होतो आणि त्याची घनता घनमीटरला ८०-१०० किलो सहज भरते. तळाचा आधार म्हणून तो उत्तम काम देतो, कडक गादी आवडणाऱ्यांना तो मानवतोही. परंतु त्याचे आयुष्य चुऱ्याची प्रत, चिकटद्रव्य आणि दाब यांवर ठरते, नुसत्या वजनावर नाही, आणि खराब बनवलेला रिबॉन्डेड फोम आतून सुटून त्याचे गोळे होतात. स्वस्त गाद्यांत तळाशी किंवा मधोमध घातला जाणारा ईपीई फोम, म्हणजे वस्तूंच्या पॅकिंगमध्ये दिसतो तो पांढरा, बंद पोकळ्यांचा पॉलिइथिलीनचा थर, हा तर वेगळाच पदार्थ आहे. नवा असताना तो कडक आणि हलका असतो, पण सततच्या भाराखाली त्याच्या पोकळ्यांतली हवा हळूहळू निघून जाते आणि तो चपटा होतो. गादीचा कडकपणा अशा थरावर उभा असेल तर तो फार काळ टिकत नाही.

घनतेनंतर मी जो आकडा मागतो तो कॉम्प्रेशन सेटचा. या चाचणीत फोमचा तुकडा त्याच्या निम्म्या किंवा पाव जाडीपर्यंत दाबून २२ तास ७० अंश सेल्सियस तापमानात ठेवतात, मग सोडून अर्ध्या तासाने मोजतात आणि किती जाडी परत आली नाही ते पाहतात. चांगल्या फोमचा हा आकडा कमी असतो. मात्र तो वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते, कारण तीच हानी दोन प्रकारे सांगितली जाते. समजा ५० मिलिमीटरचा तुकडा २५ मिलिमीटरपर्यंत दाबला आणि सोडल्यावर तो ४७.५ मिलिमीटरपर्यंतच परत आला. गेलेले अडीच मिलिमीटर मूळ जाडीच्या ५ टक्के आहेत आणि दाबलेल्या अंतराच्या १० टक्के आहेत. दोन उत्पादकांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यापूर्वी टक्केवारी कशाची आहे आणि तुकडा किती दाबला होता, हे विचारले नाही तर वाईट फोम चांगला ठरण्याचा धोका असतो.

याहून अधिक बोलकी चाचणी वारंवार ठोकण्याची आहे. फोमच्या तुकड्यावर ७५० न्यूटनचे, म्हणजे साधारण ७५ किलो वजनाइतके, बल ८० हजार वेळा दिले जाते आणि शेवटी जाडी किती घटली व कडकपणा किती घटला हे दोन्ही नोंदवले जाते. ज्या दोन नुकसानांचा मी वर उल्लेख केला ती इथे वेगवेगळी दिसतात. पूर्ण गादीसाठी जड रूळ हजारो वेळा पुढे-मागे फिरवण्याची चाचणी असते. युरोपातील मानक चाचणीत सुमारे १४० किलो भाराचा रूळ ३० हजार वेळा फिरवतात. अशा चाचणीचा अहवाल असलेल्या गादीला मी नुसत्या घनतेच्या दाव्यापेक्षा अधिक मान देतो. तरीही चाचणी कोरड्या, नियंत्रित हवेत होते आणि झोप घामट शरीराखाली होते, हा फरक लक्षात ठेवावा. दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या गादीसाठी मी घनतेत एक पायरी वर जायला सांगतो.

आणखी एक गुणोत्तर उपयोगी पडते. जाडीच्या ६५ टक्के दाबायला लागणाऱ्या बलाला २५ टक्के दाबायला लागणाऱ्या बलाने भागले की सपोर्ट फॅक्टर मिळतो. साध्या फोममध्ये तो दोनच्या आसपास असतो. हाय रेझिलिअन्स म्हणजे एचआर फोममध्ये तो अडीचच्या जवळ किंवा पुढे जातो. आकडा मोठा म्हणजे वरून मऊ लागणारा फोम खोलवर दाबल्यावर जोरदार आधार देतो. एचआर फोममध्ये पोकळ्यांचा आकार मुद्दाम अनियमित ठेवलेला असतो, त्यामुळे सगळे दांडे एकाच वेळी मोडत नाहीत. घनमीटरला ३५ ते ४० किलोचा खरा एचआर फोम हा रोजच्या वापरासाठी माझ्या मते सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. ‘खरा’ असे म्हणण्याचे कारण असे की हे नावही सैलपणे वापरले जाते. पोलादाची लहान गोळी ५० सेंटीमीटरवरून फोमवर टाकली असता ती किती उसळते यावरून ओळख पटते. साधा फोम तिला टाकलेल्या उंचीच्या साधारण ४० ते ५० टक्क्यांपर्यंत उसळवतो, एचआर फोम ६० टक्क्यांच्या आसपास नेतो, आणि मेमरी फोमवर ती जवळपास तिथेच थांबते.

मेमरी फोमचे मोजमाप वेगळे आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी १९६६ साली चार्ल्स योस्ट यांनी विमानांच्या आसनांसाठी विकसित केलेल्या फोमपासून त्याची परंपरा सुरू होते. शरीराच्या उबेने मऊ होऊन सावकाश परत येणे हा त्याचा गुण आहे, आणि त्याच मंदपणामुळे त्याची घनता कमी असेल तर तो रोज थोडा थोडा कमी परत येतो. घनमीटरला ५० किलोच्या खालचा मेमरी फोम रोजच्या गादीत घेऊ नये, असे मी म्हणतो. ३०-३५ किलोचा ‘मेमरी फोम’ दुकानात हुबेहूब तसाच लागतो, हाताचा ठसाही उमटवून दाखवतो, पण तो ठसा दाखवण्याचा गुण आणि टिकण्याचा गुण यांचा परस्परांशी संबंध नाही. लॅटेक्सची, म्हणजे रबरी फोमची, गोष्ट थोडक्यात सांगायची तर चांगला लॅटेक्स दबून राहण्याच्या बाबतीत बहुतेक पीयू फोमपेक्षा सरस असतो. त्याचा शत्रू भार नसून ऊन आणि हवेतला ऑक्सिजन आहे. उघड्यावर, उन्हात ठेवलेला लॅटेक्स कडक होऊन त्याचा भुगा पडतो. म्हणून लॅटेक्सची गादी उन्हात घालू नये.

आता परत आलेली एक नेहमीची गादी उघडली की काय दिसते ते सांगतो, कारण प्रश्नाचे खरे उत्तर तिथे डोळ्यांना दिसते. १५ सेंटीमीटरची गादी, वर शिवलेले जाडसर कव्हर, त्याखाली ४ सेंटीमीटरचा मऊ फोम आणि खाली ११ सेंटीमीटरचा कडक गाभा. कव्हर काढून गादीवर आडवी सरळ पट्टी ठेवली की कमरेच्या जागी पट्टीखालून दोन बोटे सहज जातात. मग वरचा थर चिकटवलेल्या रेषेवरून हळूच सोलला आणि त्याची जाडी जागोजागी मोजली, तर पायांकडे ती अजून ४ सेंटीमीटर भरते, खांद्याखाली साडेतीनच्या जवळ आणि कमरेखाली अडीच. तिथला फोम मुठीत दाबून सोडला तर तो आळसावल्यासारखा सावकाश उघडतो, पायांकडचा मात्र लगेच उसळतो. खालचा गाभा तपासला तर तो जवळपास नव्यासारखा निघतो. गाभ्याची घनता ३२ किलो आणि वरच्या थराची १८ किलो, असा प्रकार असतो. माहितीपत्रकावर ‘३२ घनतेचा फोम’ असे लिहिलेले असते आणि ते खोटेही नसते. फक्त ज्या थरावर शरीर टेकते त्याविषयी त्यात काही म्हटलेले नसते.

गादीचे आयुष्य तिच्या सर्वोत्तम थरावर नव्हे, तर सर्वांत हलक्या थरावर ठरते. तो थर शरीराच्या जितका जवळ आणि जितका जाड, तितके नुकसान लवकर दिसते, कारण घाम आणि ऊब प्रथम त्यालाच मिळतात आणि त्याचे दबणेही सर्वांत खोल असते. कव्हरमध्ये शिवलेल्या एक-दोन सेंटीमीटर फोमविषयी किंवा फायबरविषयी मी फार आग्रह धरत नाही. तो थर थोडा बसतोच आणि त्याने आधार बिघडत नाही. पण त्याखाली ३ सेंटीमीटरपेक्षा जाड असा कोणताही मऊ थर असेल, तर त्याची घनता किमान २८ ते ३० किलो असलीच पाहिजे. वरचे मऊ थर जितके जास्त आणि जाड, तितकी गादी आलिशान वाटते आणि तितकीच तिची बसण्याची शक्यता वाढते. दोन गाद्या समान खर्चात मिळत असतील आणि एक २५ सेंटीमीटरची हलक्या फोमची व दुसरी १५ सेंटीमीटरची जड फोमची असेल, तर मी विचार न करता दुसरी घ्यायला सांगेन.

घरी पडताळणी करायची सोपी पद्धत अशी आहे. उत्पादकाकडून प्रत्येक थराचा १० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा घन आकाराचा नमुना मागावा; तेवढा जाड नमुना मिळत नसेल तर १० बाय १० सेंटीमीटरचे पातळ तुकडे रचून तेवढी उंची करावी. हा बरोबर एक लिटर फोम झाला, आणि त्याचे वजन जितके ग्रॅम भरेल तितकीच त्याची घनता घनमीटरला किलोमध्ये असते. ३२ किलोचा फोम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३२ ग्रॅम दाखवेल. एकदोन ग्रॅमचा फरक स्वाभाविक असतो, कारण फोमच्या मोठ्या ठोकळ्यात तळाकडचा भाग थोडा जड आणि वरचा थोडा हलका निघतो. पण ३२ म्हणून विकलेला तुकडा २४ ग्रॅम भरला तर बोलणे तिथेच संपवावे. नमुना मिळत नसेल तर एकाच थराच्या गादीचे कव्हर काढून वजन करावे. १९० बाय ९० सेंटीमीटरची, १५ सेंटीमीटर जाडीची गादी म्हणजे ०.२५६ घनमीटर, घनता ३२ असेल तर तिचा फोम ८.२ किलो भरला पाहिजे, आणि तो ५.६ किलो भरला तर घनता फक्त २२ आहे. अनेक थरांच्या गादीत मात्र ही पद्धत सरासरी सांगते, आणि वर वर्णन केल्याप्रमाणे सरासरीखालीच हलका थर लपतो.

त्याच नमुन्यावर दबण्याची घरगुती चाचणीही करता येते. ५ सेंटीमीटर जाडीचा तुकडा दोन फळ्यांमध्ये अडीच सेंटीमीटरपर्यंत आवळून एक पूर्ण दिवस उबदार जागी ठेवावा, सोडल्यावर अर्धा तास थांबून मोजावे. प्रयोगशाळेतील ७० अंशांच्या तुलनेत ही परीक्षा पुष्कळ सौम्य आहे, त्यामुळे इथे चांगला पास झालेला फोम चांगलाच असेल असे नाही. परंतु एवढ्या सौम्य परीक्षेतही ज्याची दोन-तीन मिलिमीटर जाडी परत येत नाही, तो नक्कीच नापास समजावा.

फोम पिवळा पडणे हे खराब प्रतीचे लक्षण आहे का, असे अनेकजण विचारतात. प्रकाशाने आणि हवेतल्या वायूंमुळे पांढरा फोम पृष्ठभागावर पिवळसर होतोच आणि त्याने त्याच्या आधारात उल्लेखनीय फरक पडत नाही. रंगावरून फोम नाकारू नये आणि रंगावरून स्वीकारूही नये.

वापराचा भाग थोडक्यात. पलंगाच्या पट्ट्यांमधले अंतर ७-८ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर फोम त्या फटींत उतरतो आणि चांगली गादीही अकारण थकते. जमिनीवर थेट ठेवलेल्या गादीखाली ओलावा साठतो, म्हणून ती दर काही दिवसांनी उभी करून वाळवावी. गादी दर तीन महिन्यांनी उशाकडची बाजू पायांकडे करून फिरवावी. उलटी मात्र दोन्ही बाजू सारख्या असतील तरच करावी, एरवी मऊ थर खाली आणि कडक गाभा वर येतो. एकाच काठावर रोज बसणे हे झोपण्यापेक्षा जास्त हानिकारक आहे, कारण बसताना सगळे वजन लहानशा जागेवर येते. गुंडाळून, हवा काढून आलेली गादी महिनोन्महिने तशीच ठेवू नये. ती उघडल्यावर दोन-तीन दिवसांत पूर्ण उंचीवर आली नाही, तर ती वाट पाहून येणार नाही. ताबडतोब परत करावी.

हमीपत्र वाचताना वर सांगितलेली दोन नुकसाने डोळ्यांसमोर ठेवावीत. बहुतेक हमीपत्रांत रिकाम्या गादीवर ठरावीक खोलीचा, बहुधा अडीच ते चार सेंटीमीटरचा, खळगा दिसला तरच दावा मान्य होतो, आणि फोम मऊ पडणे हे ‘नैसर्गिक वापर’ म्हणून वगळलेले असते. हलका फोम आधी मऊ पडतो आणि मग बसतो, म्हणून हमीची दहा वर्षे ही गादीच्या आयुष्याची दहा वर्षे नव्हेत. खोलीचा तो आकडा जितका लहान, तितका उत्पादकाचा आपल्या फोमवर विश्वास अधिक, असे मी समजतो.

शेवटचा प्रश्न बसलेल्या गादीचा. दबलेला फोम पुन्हा फुगवण्याचा कोणताही उपाय नाही. उन्हात घालून, वाफ देऊन किंवा झटकून तो तात्पुरता ताठ वाटतो आणि आठवड्याभरात पूर्ववत होतो. खाली प्लायवूड घातल्याने पलंगाचा दोष दूर होतो, फोमचा होत नाही. परंतु वर वर्णन केलेल्या गादीप्रमाणे गाभा शाबूत असेल, तर पूर्ण गादी टाकून देण्याचे कारण नाही. कव्हरला चेन असेल तर ते काढावे, गाभ्यावर सरळ पट्टी ठेवून तो एक सेंटीमीटरच्या आत सपाट आहे याची खात्री करावी, वरचा बसलेला थर सोलून काढावा आणि त्याच जाडीचा ३५ किलोच्या आसपासचा एचआर फोम त्या जागी घालावा. नवा थर चिकटवलाच पाहिजे असे नाही; कव्हर घट्ट असेल तर तो सरकत नाही, आणि पुढे कधी बदलावा लागला तर सोपे जाते. जुन्या थरावर नवा मऊ टॉपर, म्हणजे गादीवर वरून अंथरायचा सुटा थर, मात्र टाकू नये, कारण टॉपर खालच्या खळग्यातच उतरतो. गाभाच खोलगट झालेला असेल तर दुरुस्तीत खर्च करू नये. नवी गादी घ्यावी, आणि प्रत्येक थराची घनता बिलावर लिहून घ्यावी.